ध्रुववृत्तातील ऊब : रॉइक्सॉप यांच्या ‘मेलडी ए.एम.’ (२००१) या पहिल्या अल्बमच्या ध्वनीचा इतिहास

प्रस्तावना

एखाद्या प्रदेशाच्या हवामानावरून तेथील कलेचा स्वभाव ठरविण्याची सवय समीक्षेत जुनी आहे. इपोलित तेन या फ्रेंच समीक्षकाने एकोणिसाव्या शतकात वंश, परिस्थिती आणि काळ या तीन घटकांच्या आधारे साहित्याचे स्पष्टीकरण देण्याचा प्रयत्न केला. या विचारातील मर्यादा पुढील काळात अनेकांनी दाखवून दिल्या. तरीही हा विचार पूर्णपणे मागे पडलेला नाही. विशेषतः जगाच्या सांस्कृतिक केंद्रांपासून दूर असलेल्या प्रदेशातील कलेविषयी लिहिताना तो नव्या रूपात पुन्हा डोके वर काढतो. उत्तर युरोपातील लोकप्रिय संगीताचे लेखन हे त्याचे ठळक उदाहरण होय. नॉर्वे, स्वीडन, आइसलँड या देशांतील संगीताचे वर्णन करताना बर्फ, काळोख, एकांत आणि गारठा हे शब्द जणू आपोआप येतात.

नॉर्वेतील ट्रॉम्सो या शहरात वाढलेल्या टोरब्योर्न ब्रुंटलांड (जन्म १९७५) आणि स्वाइन बेर्गे (जन्म १९७६) यांच्या ‘रॉइक्सॉप’ या जोडीचा ‘मेलडी ए.एम.’ हा पहिला अल्बम २००१ साली प्रसिद्ध झाला. हवामानावर आधारलेले स्पष्टीकरण तपासून पाहण्यासाठी हा अल्बम विशेष उपयुक्त आहे. ध्रुववृत्ताच्या आतून आलेल्या या दोघांचे संगीत यंत्रांवर रचलेले आहे. म्हणजे गारठ्याची अपेक्षा दोन्ही बाजूंनी बाळगता येईल. प्रत्यक्षात मात्र श्रोत्याला त्यात सर्वप्रथम जाणवते ती ऊब. ही ऊब कोठून आली, हा प्रस्तुत निबंधाचा मुख्य प्रश्न आहे. तिचा उगम हवामानात शोधण्याऐवजी जुन्या ध्वनिमुद्रिका, जुनी वाद्ययंत्रे आणि दोन शहरांतील माणसांचे परस्परसंबंध यांत शोधावा लागतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

ट्रॉम्सो : दूर, पण एकाकी नव्हे

ट्रॉम्सो हे शहर ध्रुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतरावर आहे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तेथे सूर्य क्षितिजावर येत नाही, तर मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तो मावळत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हे शहर म्हणजे जगाचे टोक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु १९६८ साली नॉर्वेच्या संसदेने तेथे विद्यापीठ स्थापन करण्याचा निर्णय घेतला आणि १९७२ मध्ये ते प्रत्यक्ष सुरू झाले, ही घटना शहराच्या सांस्कृतिक इतिहासात महत्त्वाची आहे. मासेमारी, बंदर आणि ध्रुवीय मोहिमा यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात त्यामुळे तरुणांची मोठी वर्दळ सुरू झाली.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यास याच शहरात ‘बेल कांटो’ हा गट उदयास आला. गाइर येन्सेन, निल्स योहान्सेन आणि गायिका आनेली ड्रेकर हे त्याचे सदस्य. त्यांचा पहिला अल्बम १९८७ मध्ये निघाला. पुढे येन्सेन गटातून बाहेर पडले आणि ‘बायोस्फिअर’ या नावाने त्यांनी ‘मायक्रोग्रॅव्हिटी’ (१९९१), ‘पाताश्निक’ (१९९४) आणि ‘सबस्ट्राटा’ (१९९७) हे अल्बम काढले. मंद, विस्तीर्ण अवकाशाचा भास निर्माण करणाऱ्या या संगीतामुळे ‘ध्रुवीय ध्वनी’ ही कल्पना युरोपात रूढ झाली. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. येन्सेन यांची एक रचना १९९५ मध्ये लिव्हाइस या जीन्सच्या कंपनीच्या जाहिरातीत वापरली गेली. म्हणजे ज्या संगीताला निर्जन प्रदेशाचे प्रतीक मानले गेले, तेही बाजारपेठ आणि दळणवळण यांच्या जाळ्यातच वावरत होते.

बेर्गे आणि ब्रुंटलांड यांची मैत्री शालेय वयातली. इलेक्ट्रॉनिक संगीत करणारी एक अख्खी पिढी आपल्याच गावात, ओळखीच्या अंतरावर आहे, ही जाणीव त्यांना लहान वयात लाभली. या क्षेत्रातील त्यांचे पहिले प्रयत्न नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धातले आहेत. ट्रॉम्सो दूर होते, परंतु तेथील तरुण एकाकी नव्हते. हा भेद लक्षात घेतल्याशिवाय पुढील घटनांचा अर्थ लागत नाही.

बर्गन : मित्रमंडळाचे शहर

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात हे दोघे नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बर्गन या शहरात पुन्हा एकत्र आले आणि १९९८ मध्ये ‘रॉइक्सॉप’ या जोडीची सुरुवात झाली. ‘रॉइक्सॉप’ हे नॉर्वेजियन भाषेत एका भूछत्राचे नाव आहे. पिकल्यावर हलका धक्का लागताच धुरासारखी भुकटी हवेत सोडणारे हे छत्र असते. नावाच्या लेखनात मात्र त्यांनी नॉर्वेजियन अक्षराऐवजी स्वीडिश वळणाचे अक्षर वापरले. स्थानिक शब्द घ्यावा आणि त्याला किंचित परकी छटा द्यावी, ही वृत्ती पुढे त्यांच्या संगीतातही दिसते.

त्या काळात नॉर्वेच्या संगीताची बाहेरील ओळख दोन टोकांची होती. एकीकडे १९८५ मध्ये जगभर गाजलेला ‘आ-हा’ हा गट, तर दुसरीकडे नव्वदच्या दशकात कुप्रसिद्धी पावलेले ब्लॅक मेटल संगीत. या दुसऱ्या प्रवाहाचे बर्गन हे एक केंद्र होते. त्याच शहरात, त्याच वर्षांत, एका वेगळ्याच मंडळाची जुळवाजुळव होत होती. मिकाल टेल्ले या तरुणाने स्वतःच्या नावाने ‘टेल्ले’ ही छोटी ध्वनिमुद्रण संस्था सुरू केली. टोरे क्रोकनेस हा ‘एरॉट’ या नावाने नृत्यसंगीत करणारा प्रतिभावंत तरुण आणि अॅनी या नावाने गाणारी गायिका हे या मंडळाचे आधारस्तंभ होते. या दोघांनी मॅडोना हिच्या एका आरंभीच्या गीताचा ध्वनिखंड वापरून केलेली रचना १९९९ मध्ये निघाली. रॉइक्सॉप यांची ‘सो ईझी’ ही रचनाही त्याच वर्षी टेल्ले संस्थेने प्रसिद्ध केली. एरलेंड ओये आणि आइरिक ग्लाम्बेक बोए यांचा ‘किंग्ज ऑफ कन्व्हीनियन्स’ हा गिटारवर शांत गाणी गाणारा गटही याच परिसरातला. वृत्तपत्रांनी या साऱ्या घडामोडींना ‘बर्गनची लाट’ असे नाव दिले.

लाट हा शब्द मोठा वाटला, तरी वस्तुतः हे एक लहान मित्रमंडळ होते. एकाची गाणी दुसऱ्याने नव्याने बांधावीत, एकाचा आवाज दुसऱ्याच्या रचनेत यावा, अशी देवाणघेवाण तेथे सहज होत असे. रॉइक्सॉप यांनी ‘किंग्ज ऑफ कन्व्हीनियन्स’ यांच्या एका गीताची पुनर्रचना केली आणि ‘मेलडी ए.एम.’मधील दोन गीते एरलेंड ओये यांनी गायली. एरॉट यांचे २००१ मध्ये अगदी तरुण वयात निधन झाले. ज्या वर्षी या मंडळाचे नाव जगापुढे आले, त्याच वर्षी त्याने आपला एक महत्त्वाचा साथी गमावला. लाटेचा इतिहास लिहिताना यशाच्या नोंदींबरोबर ही नोंदही आवश्यक ठरते.

ध्वनीची घडण : यंत्रे आणि ध्वनिखंड

‘मेलडी ए.एम.’च्या ध्वनीमागे दोन तांत्रिक गोष्टी आहेत. पहिली गोष्ट जुन्या अॅनालॉग सिंथेसायझरची. १९८३ मध्ये यामाहा कंपनीचा डीएक्स-७ हा डिजिटल सिंथेसायझर बाजारात आला आणि पाहता पाहता संगीतकारांनी जुनी यंत्रे अडगळीत टाकली. परिणामी पुढील काही वर्षे सत्तरच्या दशकातील अनेक वाद्ययंत्रे जुन्या बाजारात कमी किमतीत मिळू लागली. नव्वदच्या दशकातील इलेक्ट्रॉनिक संगीताचा मोठा भाग अशा टाकून दिलेल्या यंत्रांवर उभा राहिला. या यंत्रांतील आंदोलक विजेच्या दाबाने नियंत्रित होतात आणि तापमान बदलले की किंचित ढळतात. त्यामुळे स्वर काटेकोर स्थिर राहत नाही. तो सूक्ष्मपणे वर-खाली होत राहतो. कारखान्याच्या दृष्टीने हा दोष होता. कानाला मात्र तो मानवी कंठाच्या कंपासारखा भासतो. ज्याला श्रोते ऊब म्हणतात, तिचे एक भौतिक कारण हे आहे.

दुसरी गोष्ट सॅम्पलरची. जुन्या ध्वनिमुद्रिकेतील काही क्षणांचा तुकडा उचलून तो पुन्हापुन्हा वाजविणे ही पद्धत हिपहॉप संगीतात आधीच रुळली होती. तेथे तालाचे तुकडे प्रामुख्याने घेतले जात. रॉइक्सॉप यांचे लक्ष वेगळ्या साठ्याकडे गेले. साठ आणि सत्तरच्या दशकांत घराघरांत वाजणारे, समीक्षकांनी हलकेफुलके म्हणून दुर्लक्षिलेले वाद्यवृंदाचे आणि समूहगायनाचे संगीत हा तो साठा होय. ‘सो ईझी’ या रचनेचा पाया ‘गॅल्स अँड पॅल्स’ या साठच्या दशकातील स्वीडिश गायकवृंदाच्या गायनातून घेतलेल्या ध्वनिखंडावर आहे. त्यांनी गायलेले मूळ गीत अमेरिकन संगीतकार बर्ट बकरॅक आणि गीतकार हॅल डेव्हिड यांचे. म्हणजे अमेरिकेत जन्मलेले गीत स्टॉकहोमच्या गायकवृंदाने आपल्या पद्धतीने गायले आणि चार दशकांच्या आसपास काळ लोटल्यावर बर्गनमधील दोन तरुणांनी त्यातील क्षणभराचा सुस्कारा उचलून नव्या रचनेचा आरंभ केला. या प्रवासात बर्फाचा भाग अल्प आणि ध्वनिमुद्रिकांच्या देवघेवीचा भाग फार मोठा आहे.

अल्बमचा स्वभाव

अल्बममध्ये एकूण दहा रचना आहेत. त्यांपैकी तीनच रचना पूर्ण अर्थाने गीते आहेत. उरलेल्यांत वाद्यध्वनी, ताल आणि आवाजाचे तुकडे यांचेच राज्य आहे. ‘सो ईझी’ या आरंभीच्या रचनेत मंद्र सप्तकातील एक घोळदार स्वरवाक्य पुढे सरकत राहते आणि त्यावर तो जुना समूहस्वर अलगद उतरतो. त्यानंतरची ‘एप्ले’ ही रचना शब्दांविना आहे. नॉर्वेजियन भाषेत ‘एप्ले’ म्हणजे सफरचंद. तुटक तुटक टपोऱ्या स्वरांची एक खेळकर ओळ, मध्येच मींडेसारखी घसरण घेणारे स्वर आणि साधा, ठाम ठेका एवढ्यावर ती उभी आहे. लहान मुलाने सहज गुणगुणावी इतकी ती ओळ सोपी आहे. पण प्रत्येक आवर्तनात तिच्या भोवतीचा ध्वनी थोडा बदलतो. पुनरावृत्तीतून वैविध्य साधण्याचे हे तंत्र संपूर्ण अल्बमचे तंत्र म्हणता येईल.

‘स्पार्क्स’ हे गीत आनेली ड्रेकर यांनी गायले आहे. बेल कांटोच्या या गायिकेचा सहभाग म्हणजे ट्रॉम्सोच्या थोरल्या पिढीने धाकट्या पिढीला दिलेली साथ होय. संथ लयीतील या गीतात त्यांचा आवाज श्रोत्याच्या कानाशी आणून ठेवलेला आहे. श्वासाचा आवाजदेखील ऐकू यावा इतका तो जवळचा वाटतो. ‘इन स्पेस’ या रचनेतील तरंगता अवकाश बायोस्फिअरची आठवण करून देतो, परंतु येन्सेन यांच्या संगीतातील निर्जनता येथे नाही. ‘पुअर लेनो’ या गीतात नृत्यगृहातील सरळ चौपट ठेका आणि एरलेंड ओये यांचा जवळजवळ भावशून्य वाटणारा मृदू आवाज एकत्र येतात. नृत्यगीतांत ज्या ठिकाणी जोरकस आवाजाची अपेक्षा असते, तेथे हा संकोची स्वर येतो. नाचणाऱ्या समूहातील एकट्या माणसाचे चित्र त्यामुळे उभे राहते.

‘रॉइक्सॉप्स नाइट आउट’ ही अल्बममधील सर्वांत दीर्घ रचना. येथे प्रसन्नतेचा पडदा बाजूला होतो आणि ढोल, गिटार व वाढत जाणारा ताण यांतून अस्वस्थ रात्रीचे रूप प्रकट होते. अल्बमला गोड गोड म्हणून बाजूला सारणाऱ्यांना ही रचना उत्तर देते. त्यानंतर येणाऱ्या ‘रिमाइंड मी’ या शीर्षकाचा अर्थच ‘मला आठवण करून दे’ असा आहे. झरझर चालणारी स्वरमालिका आणि तिच्यावर विसावलेला ओये यांचा आवाज यांच्या विरोधातून या गीताची हुरहुर जन्मते. ‘शीज सो’ या संथ रचनेनंतर अल्बमचा शेवट ज्या रचनेने होतो, तिच्या नावातच ‘चाळीस वर्षे मागे’ असा निर्देश आहे. स्मरण हा या संग्रहाचा अंतःप्रवाह आहे, हे केवळ ध्वनीवरूनच नव्हे, तर नावांच्या निवडीवरूनही दिसून येते.

येथे एक सूक्ष्म मुद्दा उपस्थित होतो. १९७५-७६ मध्ये जन्मलेल्या या दोघांना १९६१ चे जग आठवणे शक्यच नाही. मग ही कोणाची आठवण? ती स्वानुभवाची नाही. आईवडिलांच्या पिढीचे रेडिओ, दूरचित्रवाणीवरील शीर्षकसंगीत, घरातील जुन्या ध्वनिमुद्रिका यांतून वारशाने आलेली ती आठवण आहे. त्यामुळेच ती कोणत्याही देशातील श्रोत्याला आपली वाटू शकते. ‘एप्ले’च्या टॉमस हिल्लांड यांनी केलेल्या दृश्यफितीत जुन्या छायाचित्रांची एक न संपणारी साखळी दिसते, एका छायाचित्रात शिरावे तो दुसरे समोर यावे, अशी तिची रचना आहे. संगीताचा गाभा त्या दृश्यरचनेने नेमका पकडला आहे.

प्रसार : लंडन, जाहिरात आणि संगणक

बर्गनमधील छोट्या संस्थेकडून हे संगीत लंडनच्या ‘वॉल ऑफ साउंड’ या संस्थेकडे गेले आणि २००१ मध्ये अल्बम प्रसिद्ध झाला. नॉर्वेत तो विक्रीच्या यादीत पहिल्या स्थानावर पोहोचला, तसेच ‘स्पेलेमानप्रीसेन’ हा तेथील मानाचा संगीत पुरस्कारही त्याला मिळाला. ब्रिटनमध्ये तो पहिल्या दहांत गेला. पुढे त्याच्या जगभरातील विक्रीचा आकडा दहा लाखांच्या वर गेल्याचे सांगितले जाते. ‘रिमाइंड मी’साठी फ्रान्सच्या ‘एच-५’ या चित्ररचनाकारांच्या समूहाने केलेली दृश्यफीत विशेष गाजली. लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या एका तरुणीचा एक दिवस त्यात केवळ आलेख, नकाशे आणि तांत्रिक आकृत्या यांच्या साहाय्याने दाखविला आहे. २००२ च्या एमटीव्ही युरोप पुरस्कारांत ती सर्वोत्कृष्ट ठरली. आकडेवारीने वेढलेल्या जीवनाचे चित्रण आणि त्यामागे वाजणारे आठवणीचे गीत, या जोडीत त्या काळाची नेमकी नाडी सापडते.

या प्रसाराला अनुकूल अशी पार्श्वभूमी आधीच तयार झाली होती. फ्रान्समधील ‘एअर’ या जोडीचा ‘मून सफारी’ (१९९८) आणि अमेरिकेतील मोबी यांचा ‘प्ले’ (१९९९) या अल्बमनी मंद लयीच्या इलेक्ट्रॉनिक संगीताला घरगुती श्रोता मिळवून दिला होता. ‘प्ले’मधील प्रत्येक रचना जाहिरात, चित्रपट वा दूरचित्रवाणीसाठी वापरण्यास देण्यात आली होती. रेडिओवर स्थान मिळविणे कठीण असलेल्या संगीताला जाहिरात हे नवे व्यासपीठ ठरले. ‘मेलडी ए.एम.’मधील रचनांनीही हाच मार्ग घेतला. ‘रिमाइंड मी’ हे गीत पुढे अमेरिकेतील एका विमा कंपनीच्या लोकप्रिय जाहिरातीत ऐकू आले. अॅपल कंपनीने २००३ मध्ये ‘पँथर’ ही संगणकप्रणाली आणली, तेव्हा संगणक प्रथम सुरू करणाऱ्याचे स्वागत ‘एप्ले’च्या स्वरांनी होत असे. सफरचंद हेच नाव असलेल्या रचनेची सफरचंदाचेच चिन्ह असलेल्या कंपनीने केलेली ही निवड गमतीची खरी. परंतु तिचा परिणाम गंभीर होता. असंख्य लोकांनी हे संगीत रचनाकारांचे नावही न कळता ऐकले.

या प्रकारच्या प्रसाराची किंमत कोणती, हा प्रश्न टाळता येत नाही. जे संगीत सर्वत्र वाजते, ते लक्षपूर्वक ऐकले जातेच असे नाही. उपाहारगृहे, दुकाने आणि प्रतीक्षालये यांत वाजणाऱ्या विश्रांतिसंगीताच्या वर्गात हा अल्बम जाऊन बसला आणि त्यातील अस्वस्थ रात्र, संकोची गायक व वारशाने आलेली हुरहुर यांकडे दुर्लक्ष झाले. येथे एक ऐतिहासिक विडंबना दिसते. समीक्षकांनी हलकेफुलके म्हणून बाजूला सारलेल्या साठच्या दशकातील संगीताला रॉइक्सॉप यांनी पुन्हा ऐकण्याजोगे केले आणि त्यांच्याच संगीतावर तोच शिक्का बसण्याची वेळ आली.

हवामानवादी स्पष्टीकरणाची मर्यादा

ट्रॉम्सोच्या दीर्घ रात्रीचा या संगीताशी काहीच संबंध नाही, असे म्हणणे अतिरेकाचे होईल. हिवाळ्यात घरात राहावे लागते, घरात यंत्रे हाताळण्यास वेळ मिळतो, हे सत्य आहे. परंतु दीर्घ रात्री शेकडो वर्षे होत्या. हे संगीत मात्र एका विशिष्ट दशकातच निर्माण झाले. जे कारण सदासर्वकाळ उपस्थित असते, ते एका विशिष्ट काळातील घटनेचे पुरेसे स्पष्टीकरण होऊ शकत नाही. त्याच हवामानात आणि त्याच यंत्रांच्या युगात येन्सेन यांनी विस्तीर्ण, निर्जन ध्वनी घडविला, तर रॉइक्सॉप यांनी घरगुती, माणसाळलेला ध्वनी. शिवाय प्रत्यक्ष अल्बम पावसाळी बर्गनच्या काळातला आहे. एकाच परिसरातून परस्परविरोधी कला जन्मते, तेव्हा परिसराच्या पलीकडे पाहावे लागते.

हवामानवादी स्पष्टीकरणात आणखी एक अन्याय दडलेला आहे. लंडन वा न्यूयॉर्कच्या संगीतकाराचे यश त्याच्या निवडीचे, अभ्यासाचे आणि परंपरेशी असलेल्या संवादाचे फळ मानले जाते. दूरच्या प्रदेशातील कलावंताचे यश मात्र तेथील निसर्गाच्या खात्यावर टाकले जाते. अशा लेखनात निसर्ग कर्ता होतो आणि माणूस केवळ त्याचे माध्यम उरतो. बर्गनमधील मित्रमंडळ, छोटी ध्वनिमुद्रण संस्था, जुन्या बाजारातील यंत्रे आणि विस्मृत गायकवृंदाचा आवाज नेमका हेरणारा कान, हे सारे त्यामुळे इतिहासातून पुसले जाण्याचा धोका असतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) ‘मेलडी ए.एम.’मधील ऊब ही घडविलेली आहे. तिला अॅनालॉग यंत्रांची भौतिक वैशिष्ट्ये, जुन्या ध्वनिमुद्रिकांतील ध्वनिखंड आणि मृदू आवाजांची जाणीवपूर्वक निवड कारणीभूत आहे.

२) ट्रॉम्सो हे भौगोलिकदृष्ट्या दूर असूनही सांस्कृतिकदृष्ट्या जोडलेले शहर होते. आधीच्या पिढीचे कार्य आणि बर्गनमधील सहकार्य यांशिवाय हा अल्बम या रूपात संभवला नसता.

३) जाहिरात आणि संगणक यांनी या संगीताला जगभर पोहोचविले, परंतु त्याच प्रक्रियेत त्याचे पार्श्वसंगीतात रूपांतर केले.

४) परिघावरील कलेचा इतिहास लिहिताना हवामानापेक्षा माणसे, साधने आणि त्यांचे परस्परसंबंध यांना अग्रस्थान देणे आवश्यक आहे.

रॉइक्सॉप यांची वाटचाल त्यानंतरही चालू राहिली. ‘दि अंडरस्टँडिंग’ (२००५), ‘ज्युनिअर’ (२००९), ‘सीनिअर’ (२०१०) आणि ‘दि इनेव्हिटेबल एंड’ (२०१४) हे अल्बम निघाले. पारंपरिक स्वरूपातील शेवटचा अल्बम म्हणून यांतील अखेरच्या अल्बमची घोषणा झाली होती. तरी २०२२ मध्ये ‘प्रोफाउंड मिस्टरीज’ ही तीन भागांतील मालिका प्रसिद्ध झाली. या पुढील कार्याची व्याप्ती मोठी असली, तरी पहिल्या अल्बममधील ती वारशाची आठवण त्या सर्वांच्या मुळाशी आहे. हा अल्बम ऐकताना दूर उत्तरेकडील बर्फ दिसण्यापूर्वी, कोणाच्या तरी घरात कधीकाळी फिरत असलेली एक जुनी तबकडी ऐकू यावी, एवढी सावधता श्रोत्याने बाळगली, तर त्या दोन तरुणांच्या कष्टाला न्याय मिळेल.